तळटीप : ‘हलका कोळसा’

१. हलका कोळसा : उज्जैनच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट आहे, कोळसा नाही; त्यामुळे तिथल्या विनोद, हिरा या कापडगिरण्यांना तो बाहेरूनच आणावा लागे. लेखकाने राखट कोळसा आणि कच्चा कोळसा एकाच नावाखाली घातले आहेत, ते पटत नाही. नेवेलीचा लिग्नाइट कच्चा, जवळजवळ निम्मे पाणीच, पण राख थोडी; चंद्रपूरचा कोळसा त्याहून पक्व, मात्र राख भरपूर. म्हणून ओलावा, राख, तापवल्यावर निघणारे वायू आणि उष्मांक हे चारही तपासावे लागतात. लिग्नाइट साठवला तर आपोआप पेटू शकतो, लांब नेला तर पाण्याचेच भाडे भरावे लागते; त्यामुळे त्यावरचे वीजकेंद्र बहुधा खाणीला लागूनच असते. कोक न होणाऱ्या दगडी कोळशाची सरकारी प्रतवारी २०१२ पासून एकूण उष्मांकावर होते. – संपादक