‘अबब’मधला बाप

मराठवाड्यातल्या रेणापूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी छताला टेकलेली दिसली की एखादी म्हातारी तोंडाला पदर लावते आणि म्हणते, “अबाबाबाबा!” पुस्तकी मराठीत हेच ‘अबब’. गावात मात्र तीन अक्षरांवर कुणी थांबत नाही. थप्पी जेवढी उंच, तेवढे ‘बा’ वाढतात.

उदगीर, देवणी मागे टाकून बिदरकडे गेलं की कन्नड कानावर पडू लागते. तिथे हा उद्गार ‘अब्बब्बा’ होतो. तेलुगूत ‘अब्बा’, ‘अब्बो’. कन्नडमध्ये अप्पा म्हणजे बाप, तमिळमध्येही तेच. नवल वाटो की धसका बसो, हाक बापालाच. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. दोन्ही भाषा एका बाजारात, एका ओसरीवर नांदल्या. म्हणून ‘अबब’ला मी कन्नड ‘अब्बब्बा’चा सख्खा भाऊ मानतो. आपल्या ‘बाप रे!’मध्ये तोच बाप उघड बोलतो. मराठवाड्यात त्याच्या जोडीला “आगं माय!” असतेच.

बाळ ओठ मिटून उघडतं तेव्हा प, ब, म हे ध्वनी सहज निघतात. आई-बापांची नावं जगभर सारखी का, हे रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० सालच्या निबंधात यावरूनच उलगडलं. त्यामुळे दखनीतले ‘अब्बा’ अरबीतून आले आणि कन्नड ‘अप्पा’चं कूळ निराळं, तरी दोघे एकाच घरचे वाटतात.

मला खरी भुरळ घातली ती पाली भाषेने. पाली व्याकरणातल्या संख्यांमध्ये कोटीच्या पुढे पायऱ्या चढत गेलं की ‘अहह’ लागतं, एकावर ७० शून्यं. त्याच्या पुढची पायरी ‘अबब’, एकावर ७७ शून्यं! मोजता मोजता दमलेल्या माणसाने आकड्याच्या जागी उद्गारच ठेवून दिला असावा, असं मला ही नावं वाचताना दर वेळी वाटतं.

सुत्तनिपात या पाली ग्रंथातल्या कोकालिक सुत्तात ‘अबब’ हे नरकाचंही नाव आहे. तिथला काळ तिळांनी मोजलाय. वीस खारी (धान्याचं जुनं माप) तिळांनी भरलेली गाडी घ्यायची आणि दर शंभर वर्षांनी त्यातला एकच तीळ उचलायचा. गाडी रिकामी होईल, पण अब्बुद नरकातला काळ सरणार नाही. त्याच्या वीसपट निरब्बुद. आणि त्याच्याही वीसपट अबब.