लक्षद्वीपला जायचंय? विमानाच्या तिकिटाआधी 'या' गोष्टी समजून घ्या

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीप भेटीचे फोटो शेअर केले आणि देशभरातल्या लोकांनी हे नाव इंटरनेटवर शोधायला सुरुवात केली. तेव्हापासून निळंशार पाणी आणि पांढऱ्या वाळूचे रील्स थांबलेले नाहीत. पण रील बघून थेट विमानाचं तिकीट काढलं, तर फजिती होऊ शकते. कारण लक्षद्वीपला जाण्याची पद्धत गोवा किंवा केरळपेक्षा वेगळी आहे.

इथे नियम बरेच आहेत. पण एक आकडा लक्षात ठेवला, तर त्यातले बहुतेक नियम आपोआप समजतात. तो आकडा आहे ३२. लक्षद्वीपच्या सगळ्या ३६ बेटांची जमीन एकत्र केली, तरी ती जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानसुद्धा याच्या दुपटीहून मोठं आहे. त्यातही वस्ती आहे फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेनुसार इथे ६४,४७३ लोक राहतात.

आधी परवाना, मग तिकीट

लक्षद्वीप भारतातच आहे, तरी तिथे जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनुसार बेटांचे मूळ रहिवासी नसलेल्यांच्या येण्यावर आणि राहण्यावर निर्बंध आहेत. इथले जवळपास सगळे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांची जमीन आणि जगण्याची पद्धत टिकावी, हा या नियमांमागचा हेतू आहे.

परवाना मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पॅकेज टूर. लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' नावाची संस्था पर्यटनाची व्यवस्था बघते. तिच्यामार्फत किंवा नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फत गेलात, तर परवान्याची प्रक्रिया तेच करतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर स्वतः अर्ज करणं. यासाठी ओळखपत्र आणि फोटो लागतो. आपल्या भागातल्या पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही मागितला जातो. हा दाखला मिळायला वेळ लागू शकतो, त्यामुळे तयारी महिनाभर आधी सुरू केलेली बरी. कागदपत्रांची यादी आणि शुल्क अर्ज करतानाच पोर्टलवर तपासा.

परवान्यावर बेटांची नावं लिहिलेली असतात. कदमतचा परवाना घेऊन मिनिकॉयला जाता येत नाही. बेटावर उतरल्यावर परवाना स्थानिक पोलीस ठाण्यात दाखवावा लागतो. त्यामुळे मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका, दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवा.

विमानाने की जहाजाने?

विमानतळ एकच आहे, अगत्ती बेटावर. तिथली धावपट्टी साधारण १२०० मीटरची आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या जवळपास एक तृतीयांश. म्हणून इथे एटीआरसारखी छोटी विमानंच उतरतात. जागा कमी, त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवसांत तिकिटं लवकर संपतात. सामानाची मर्यादाही कडक असते, म्हणून बुकिंग करतानाच ती वाचून घ्या.

मुख्य मार्ग कोचीहून आहे आणि प्रवास दीड तासाच्या आसपास होतो. २०२४ मध्ये फ्लाय९१ या कंपनीने गोव्यातून अगत्तीसाठी सेवा सुरू केली, त्यामुळे कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या पर्यटकांना आणखी एक पर्याय मिळाला. मात्र वेळापत्रक हंगामानुसार बदलतं.

जहाजं कोचीच्या विलिंग्डन आयलंडवरून सुटतात. बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. प्रवास स्वस्त पडतो, पण दोन गोष्टींची तयारी हवी. पहिली, बोट लागण्याची. त्यासाठीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. दुसरी, उतरण्याची. काही बेटांभोवतीचं पाणी उथळ असल्याने मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि प्रवाशांना हलत्या पाण्यात छोट्या बोटीत उतरावं लागतं. सोबत गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा असतील, तर याचा विचार आधीच करा.

कधी जावं?

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जहाजांच्या फेऱ्या कमी होतात. चांगल्या हंगामातही हवामान बिघडलं की फेरी पुढे ढकलली जाते. म्हणूनच परतीचा प्रवास सलग जोडू नका. अगत्तीहून सकाळी निघून संध्याकाळी कोचीवरून पुण्याचं विमान पकडू, असा बेत अंगाशी येऊ शकतो. कोचीत एक दिवस मोकळा ठेवा.

कोणतं बेट निवडावं?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी अगत्ती सोयीचं. तिथून बोटीने बंगारम गाठता येतं. तिथे गावाची वस्ती नाही, पर्यटकांसाठी राहण्याची सोय आहे. स्कुबा डायव्हिंग करायचं असेल, तर कदमत प्रसिद्ध आहे. कवरत्ती ही राजधानी. मिनिकॉय सगळ्यात दक्षिणेला आणि बाकी बेटांपासून खूप दूर. तिथला दीपस्तंभ १८८५ चा आहे आणि भाषाही वेगळी. इतर बेटांवर मल्याळमची बोली चालते, तर मिनिकॉयमध्ये महल बोलली जाते. ती मालदीवच्या धिवेही भाषेचंच रूप आहे.

पाणी जपून वापरा, पण का?

लक्षद्वीपमध्ये नद्या नाहीत. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत झिरपतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहिरींना मिळतं ते हेच गोडं पाणी. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर खारट होते. ती पुन्हा गोडी व्हायला पावसाची वाट बघावी लागते.

२००५ मध्ये कवरत्तीवर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटरची. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीवरही असे प्रकल्प आले. तरीही हॉटेलातला अर्ध्या तासाचा शॉवर इथे कुणाच्या तरी घरच्या पाण्यातून होतो, हे विसरू नका.

बॅगेत काय हवं?

- रोख रक्कम: एटीएम मोजकी आहेत. २०२४ मध्ये समुद्राखालून टाकलेली फायबर केबल सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारलं, पण फक्त यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.
- औषधं: नेहमीची औषधं परतीच्या दिवसापेक्षा जास्त दिवसांची घ्या. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.
- खाऊ: रोजच्या जेवणात भात, नारळ आणि ट्यूना मासा. भाज्या बहुतांशी जहाजाने येतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि चिवडा-लाडवाचा डबा सोबत ठेवा.
- पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट: उन्हापासून संरक्षण होतं आणि सनस्क्रीन कमी लागतं.
- रिकामी पिशवी: प्लॅस्टिकचा कचरा परत घेऊन येण्यासाठी. ३२ चौरस किलोमीटरमध्ये कचरा टाकायला जागा नाही.

गावात वावरताना

बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत आणि समाज पारंपरिक आहे. पोहण्याचे कपडे रिसॉर्टच्या किनाऱ्यापुरते ठेवा, गावात अंगभर कपडे घाला. बंगारमचा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे, त्यामुळे बाटली सोबत नेऊ नका. लोकांचे, विशेषतः महिलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

प्रवाळ उचलू नका, त्यावर उभेही राहू नका

प्रवाळ हा दगड नाही, सजीव आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. किनाऱ्यावर पडलेला तुकडा 'आठवण' म्हणून बॅगेत टाकला, तरी कारवाई होऊ शकते.

मुद्दा फक्त कायद्याचा नाही. समुद्राचं तापमान वाढलं की प्रवाळ पांढरे पडतात आणि मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये हे घडलं. ही बेटं प्रवाळांपासूनच बनलेली आहेत आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. बाहेरच्या लाटा आधी प्रवाळाच्या भिंतीवर आपटतात, म्हणून आतलं पाणी शांत राहतं आणि किनारा टिकतो. ही भिंत खचली, तर आधी रीलमधलं निळं पाणी जाईल आणि मग त्यामागची घरं. स्नॉर्केलिंग करताना दमलात, तर पाठीवर तरंगा किंवा गाईडचा आधार घ्या, प्रवाळावर पाय टेकू नका.