नऊ वर्षांची नोंद

क्रीडेतिहास बहुधा विजेत्यांच्या नामावलीपुरताच लिहिला जातो. ग्रेगरी गोतिए या फ्रेंच स्क्वॉशपटूची कारकीर्द मात्र त्या नामावलीतून वाचताच येत नाही. १९८२ मध्ये जन्मलेला हा खेळाडू २००६ साली इजिप्तमध्ये, पिरॅमिडांच्या सान्निध्यात, जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी खेळला. पहिले दोन गेम जिंकूनही तो डेव्हिड पामरकडून हरला. पुढे २००७, २०११ आणि २०१३ या वर्षीही अंतिम फेरीत त्याच्या वाट्याला पराभवच आला. दरम्यान २००७ मध्ये त्याने ब्रिटिश ओपन जिंकली होती आणि २००९ मध्ये जागतिक क्रमवारीत तो पहिला आला होता. तेव्हा उणीव कौशल्याची होती, असे म्हणवत नाही. अखेर २०१५ साली अमेरिकेत बेलव्ह्यू येथे ओमर मोसादला सरळ गेममध्ये नमवून तो जगज्जेता झाला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

थिएरी लिंकूने २००४ मध्येच फ्रान्सला हे पद मिळवून दिले होते. त्यामुळे नामावलीच्या हिशेबी गोतिए ‘दुसरा फ्रेंच विजेता’ एवढाच उरतो. चार पराभव पचवून पाचव्यांदा त्याच उंबरठ्यावर उभे राहण्याची नोंद तिथे कुठेच नाही. पारितोषिकांच्या याद्यांनाच आपण वाङ्मयेतिहास समजू लागतो, तेव्हा किती लेखकांची अशी नऊ वर्षे आपल्या हातून गळून पडत असतील, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.