मॅट्रिक्युलेशन

मॅट्रिक्युलेशन (बोली रूप: मॅट्रिक, जुन्या मराठी मुद्रणात म्याट्रिक्युलेशन) या शब्दाचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव दाखल करणे असा आहे. मराठीत मात्र हा शब्द शालेय शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेचे नाव म्हणून रूढ झाला. विद्यापीठातील प्रत्यक्ष दाखल्यासाठी मराठीत प्रवेश, नावनोंदणी व पात्रता हे शब्द वापरले जातात.

व्युत्पत्ती

इंग्रजी शब्द लॅटिनमधील 'मात्रिकुला' या शब्दावरून आला आहे. मात्रिकुला म्हणजे नोंदवही किंवा नामावली. उत्तरकालीन लॅटिनमध्ये सैनिकांच्या यादीसही हा शब्द वापरत. तो 'मात्रिक्स' या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून त्याच्या मुळाशी 'मातेर' म्हणजे माता हा शब्द आहे. लॅटिन 'मातेर' व संस्कृत 'मातृ' यांचे मूळ एकच आहे. स्पॅनिश भाषेत 'मात्रिकुला' हा शब्द शैक्षणिक नोंदणीबरोबरच वाहनाच्या नोंदणी क्रमांकासही वापरतात. ऑक्सफर्ड विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांना दाखल करून घेण्याचा समारंभ आजही याच नावाने होतो.

मुंबई विद्यापीठाची परीक्षा

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. विद्यापीठात नाव दाखल होण्यासाठी आधी परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. कलकत्त्यात या परीक्षेस सुरुवातीला 'एन्ट्रन्स' म्हणत, तर मुंबईत 'मॅट्रिक्युलेशन'. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. बाळ गंगाधर टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक झाले.

ही परीक्षा नोकरीसाठीही पात्रता मानली जाऊ लागल्याने महाविद्यालयात न जाणारे विद्यार्थीही तिला बसू लागले. परिणामी दाखल होण्याचा अर्थ मागे पडला आणि 'मॅट्रिक' हीच स्वतंत्र पदवीसारखी ओळख बनली. 'मॅट्रिकला बसणे', 'मॅट्रिक होणे', 'नॉनमॅट्रिक' हे प्रयोग यातूनच रूढ झाले. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

मॅट्रिक ते शालान्त

मुंबई प्रांतात १९४८ च्या कायद्याने ही परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली. तिचे मराठी नाव 'माध्यमिक शालान्त परीक्षा' असे आहे. जुने नाव विद्यापीठाच्या प्रवेशाकडे निर्देश करणारे होते, तर नवे नाव शाळेच्या शेवटाकडे निर्देश करते. पूर्वी अकरावीच्या अखेरीस होणारी ही परीक्षा १९७० च्या दशकात १०+२+३ आकृतिबंध आल्यावर दहावीला आली. त्यामुळे तिच्यात व विद्यापीठाच्या प्रवेशात कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे आली. तरीही 'मॅट्रिक' म्हणजे दहावी ही समजूत कायम राहिली.

सोलापूर जिल्ह्यातील स्थिती

सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या गावांसाठी मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाचीच परीक्षा होती. पुढे जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न झाली. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठास २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.

आज येथील विद्यार्थी प्रथम महाविद्यालयात प्रवेश घेतो. त्यानंतर विद्यापीठ कागदपत्रे तपासून त्याची पात्रता निश्चित करते व त्याला कायम नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक मिळणे हेच मूळ अर्थाने मॅट्रिक्युलेशन होय, मात्र त्यास कोणी मॅट्रिक म्हणत नाही.

सद्य वापर

शासकीय भाषेत हा शब्द मुख्यतः शिष्यवृत्त्यांच्या नावांत टिकून आहे. 'मॅट्रिकपूर्व' म्हणजे दहावीपर्यंतची व 'मॅट्रिकोत्तर' म्हणजे दहावीनंतरची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिच्या नावातील 'मॅट्रिक' म्हणजे विद्यापीठातील दाखला नसून दहावी होय. म्हणून अकरावीत प्रवेश घेतलेला पात्र विद्यार्थीही तिच्यासाठी अर्ज करू शकतो.