कोकणातल्या भुतांचे वय

कोकणच्या लोकसमजुतीत भुताचे वय मरणाच्या क्षणी थांबते. शेवट मात्र त्यालाही असतो. तो म्हातारपणाने येत नाही, राहून गेलेला संस्कार पुरा झाला की येतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदराला सर्वांत जवळचे भूत म्हणजे गिऱ्हा. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो, पाण्यातच राहतो आणि रात्री काठाने जाणाऱ्याला हाका मारून, पाणी उथळ असल्याचे भासवून खोलात नेतो. त्याचे केस ज्याच्या हाती लागतात, त्याची तो चाकरी करतो. या समजुतीमागे खरी धास्ती आहे. दर्यात गेलेल्याचे प्रेत पुष्कळदा सापडतच नाही, मग अग्नी कशाला द्यायचा? हिंदू परंपरेत त्यासाठी पालाशविधी आहे: पळसाचे ३६० देठ माणसाच्या आकारात मांडायचे, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्या पुतळ्याचे दहन करायचे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्या पंथात समोर मय्यत नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते.

मुंजा तर कायमचा पोरच. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच वारलेला हा ब्राह्मण मुलगा पिंपळावर राहतो. त्याची बाधा टाळण्यासाठी पिंपळाचीच मुंज लावून त्याला पार बांधत. देवचाराची गत वेगळी. गावाच्या शिवेवर राहणाऱ्या या भुताला वर्षातून एकदा नारळ-कोंबडा मिळत गेला आणि पुष्कळ ठिकाणी तो गावाचा राखणदारच होऊन बसला.

हे सारे कागदावर आले ते प्राथमिक शिक्षकांमुळे. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने शिक्षकांकडून प्रश्नावलीची उत्तरे गोळा केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती सामग्री संपादित केली आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये छापून निघाला. शिक्षकांनी गावोगाव ऐकून लिहिलेला हा ऐवज आजही मोलाचा आहे.

पडद्यावरही जुना नियम टिकला. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त (२०२४) संगणकावर घडवलेले भूत १९५२ साली मेलेल्या मुलाचे आहे. पुढच्या पिढ्या वाढतात, त्याचा लग्नाचा हट्ट मात्र तसाच राहतो. ‘तुंबाड’मधली (२०१८) शापित आजी उलट झिजत जाते, तिच्या अंगातून झाड फुटते, तरी मरण येत नाही. अखेर कथानायक विनायक तिला अग्नी देतो, तेव्हाच ती सुटते.