शिंके, गोणी आणि वासबंद पिशवी

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, दिल्ली दरवाजातून बाहेर पडले की रस्ता हर्सूलला जातो. आज हर्सूल महापालिकेच्या हद्दीत आहे. तलाव, हरसिद्धी मातेचे देऊळ आणि मध्यवर्ती कारागृह ही त्याची ओळख. पण औरंगजेबाने 1682 मध्ये शहराला कोट बांधला, तेव्हा या दरवाजाबाहेर शहर संपत होते आणि प्रवास सुरू होत होता. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा, मग घाट उतरून खानदेश आणि पुढे बुऱ्हाणपूर. मधल्या रानात रात्र काढावी लागे आणि जवळ अन्न असे. ज्याच्याजवळ अन्न, त्याच्याकडे रानातले कोणीतरी येणारच!

हा विषय आठवला तो एका पिशवीमुळे. भटकंतीची आवड असलेल्या एका तरुणाने ती मला दाखवली. दिसायला साधी, पारदर्शक प्लास्टिकची, तोंडाशी दाबून बंद करायची पट्टी. ‘हिच्यातून वास बाहेर जात नाही,’ तो म्हणाला. परदेशात अस्वलांच्या जंगलात मुक्काम करणारे लोक अशा पिशव्या वापरतात. आपण तिला वासबंद पिशवी म्हणू. पिशवी नवी आहे, पण तिच्यामागचा प्रश्न माणसाने पहिल्यांदा शिदोरी बांधली तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची तीन उत्तरे होती. पहिले उत्तर राखणीचे. या वाटांवरून धान्य वाहून नेत ते बंजारे. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला आग्र्याहून पाटण्याला जाताना 14,000 बैलांचा तांडा भेटला. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. 29 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्ली औरंगाबादेस पोचला आणि 23 सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्याच्या फौजेच्या धान्याची भिस्तही बंजाऱ्यांच्या बैलांवरच होती. मुक्काम पडला की बंजारे गोणी उतरवून त्यांची भिंत रचत आणि राखणीला दांडगे कुत्रे सोडत. वास लपवण्याचा इथे प्रश्नच नव्हता. कोरड्या, कच्च्या धान्याला शिजलेल्या अन्नासारखा वास सुटत नाही. बाकीचे काम कुत्रे आणि जागती माणसे करत.

दुसरे उत्तर टांगण्याचे. घराघरांतल्या आढ्याला शिंके असे. दूध, दही, लोणी त्यात ठेवायचे, म्हणजे मांजर, उंदीर यांच्यापासून ते वाचते. उत्तर अमेरिकेच्या जंगलात भटके लोक हेच करत आले आहेत. अन्नाची पिशवी दोरीने फांदीला बांधायची, जमिनीपासून सुमारे 12 फूट उंच आणि खोडापासून पाच-सहा फूट दूर. हे शिंकेच की! पण शिंक्याचे काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. बाळकृष्ण आणि त्याचे सवंगडी एकमेकांच्या खांद्यावर चढले आणि शिंके फुटले. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली काळी अस्वलेही त्याच वाटेने गेली. मोठ्या अस्वलाला न पेलणाऱ्या फांदीवर पिल्लू चढू लागले, अस्वले दोर चावून तोडायलाही शिकली. म्हणून तिथे आता अस्वलाला न उघडणारा टणक डबा सक्तीचा आहे.

तिसरे उत्तर कोंडण्याचे. तेल, तूप वाहून न्यायला आपल्याकडे चामड्याचे बुधले होते. तोंड घट्ट बांधले की आतला माल आतच. वाटेची शिदोरीही तशीच विचाराने बांधलेली असे. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, कोरडी चटणी, गूळ, सातूचे पीठ. हे सारे टिकते आणि ओल्या कालवणासारखा त्याचा घमघमाटही सुटत नाही. वासबंद पिशवी ही या बुधल्याचीच नात म्हणायची.

तिचे काम समजायला सोपे आहे. वास म्हणजे पदार्थापासून सुटून हवेत पसरणारे अतिसूक्ष्म कण. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून ते हळूहळू आरपार जातात. हिंगाची पुडी पिशवीत बांधून कपाटात ठेवली तरी दोन दिवसांनी कपाट उघडताच कळते, ते त्यामुळेच. वासबंद पिशवीत हे कण अडवणारा वेगळ्या प्लास्टिकचा थर असतो. पण चटणीचे बोट बाहेरून लागले, पट्टीत एक शीत अडकले, घडीवर बारीकसे छिद्र पडले, की पिशवी साधीच झाली. शिवाय ती दातांना अडवत नाही. म्हणून नुसती पिशवी पुरेशी न मानता ती डब्यात ठेवावी किंवा टांगावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर अमेरिकेनेच फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. 1920-30 च्या दशकांत तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत उकिरड्यावर येणारी अस्वले पाहायला प्रेक्षकांसाठी बाके मांडलेली असत. पुढे हे खेळ बंद झाले, पण सवय गेली नाही. ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानात एका विश्रामगृहाबाहेर खरकटे टाकले जाई आणि ते खायला येणारी अस्वले पाहायला पाहुणे जमत. 13 ऑगस्ट 1967 च्या पहाटे त्याच उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन अस्वलांनी 19-19 वर्षांच्या दोन मुलींना ठार केले. एक घटना त्या विश्रामगृहाजवळच घडली. दुसऱ्या ठिकाणचे अस्वलही त्या उन्हाळ्यात मुक्कामाच्या जागी येऊन खाण्याचे पदार्थ पळवत होते. नंतर अस्वलांना गोळ्या घालण्यात आल्या. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले जनावर शेवटी माणसाच्या हातूनच मरते, हा धडा तेव्हा पक्का झाला. कचरा, अन्न, डबे, पिशव्या यांचे कडक नियम आले ते त्यानंतर.

आता आपल्या रानाकडे वळू. हर्सूलच्या वायव्येला, कन्नड-चाळीसगावच्या डोंगरांत गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. ते 1986 मध्ये जाहीर झाले. तिथे बिबट्या आहे, अस्वलही आहे. आपले अस्वल अमेरिकेतल्या अस्वलासारखे तंबू हुंगत फिरण्यासाठी प्रसिद्ध नाही. त्याचा जीव वाळवी, मुंग्या, मध आणि मोहाची फुले यांत. पण नाक तितकेच तिखट. वाळवी जमिनीत कुठे आहे हे ते वासावरून शोधते आणि वरच्या पुढच्या दोन दातांच्या जागी असलेल्या फटीतून ती ओढून घेते. अशा नाकाला आपल्या गूळ-शेंगदाण्यांची ओळख न झालेलीच बरी.

माकडांची गोष्ट निराळी. देवगिरीच्या किल्ल्यावर किंवा वेरूळ-अजिंठ्याला हातातली पिशवी हिसकावणारे माकड नाकाने नव्हे, डोळ्याने शिकार करते. त्याच्यापुढे पारदर्शक वासबंद पिशवी म्हणजे आमंत्रणच! तिथे खाऊ पाठपिशवीच्या तळाशी आणि तोंड बंद, हाच उपाय. आणि कौतुकाने एक केळेसुद्धा पुढे करायचे नाही. पहिले केळे आपण देतो, दुसरे ते मागते, तिसरे हिसकावून घेते. मग पुढच्या वर्षी त्याला ‘उपद्रवी’ ठरवून पकडून नेण्याची मागणी आपणच करतो.

म्हणून परवानगी काढून रानात मुक्कामाला जाल तेव्हा जुनी तिन्ही उत्तरे बरोबर न्या. शिदोरी शक्यतो कोरडी. स्वयंपाक झोपण्याच्या जागेपासून दूर. जेवल्यावर भांडी लगेच घासलेली, हात धुतलेले. खाण्याबरोबर साबण आणि टूथपेस्टही बंद पिशवीत, पिशवी डब्यात किंवा टांगलेली. उरलेले खरकटे आणि फळांच्या साली मात्र रानात फेकायच्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्याच पिशवीत कोंडून घरी आणायच्या. माझ्या मते वासबंद पिशवीचा खरा उपयोग या परतीच्या वाटेवरच आहे. जाताना शिदोरी सगळेच जपतात, येताना तिचा वास मागे उरणार नाही याची काळजी फार थोडे घेतात.

दिल्ली दरवाजातून हर्सूलकडे निघालेल्या वाटसरूला रानाची भीती होती. आज रान लहान झाले आहे आणि भीती त्यातल्या जनावरांनी बाळगावी अशी वेळ आहे. एक पिशवी नीट बंद केली, तर त्यातले एखादे वाचते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)