ग्रीसच्या धुरातून जन्मलेली सायकल

(१) पहिली खरीखुरी माउंटन बाइक घरी आली, की प्रश्नही येतात. पुढचा चिमटा किती दबावा? टायरमध्ये हवा किती असावी? उतारावर सीट खाली का घ्यावी? या प्रश्नांची मुळे कॅलिफोर्नियातील एका उतारावर सापडतात.

(२) १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मरीन काउंटीत, काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली मिळवून डोंगरातील कच्च्या वाटांवरून वेगाने उतरत. त्या सायकली १९३०-४० च्या दशकांतल्या. सपाट रस्त्यासाठी घडवलेल्या.

(३) २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. अंतर तीन किलोमीटरांहून थोडे अधिक, उतार सुमारे ४०० मीटरचा. पायडल उलट दाबले की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागे. तो इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला ‘रिपॅक’ म्हणतात. शर्यतीचे नावही तेच पडले.

(४) गॅरी फिशर यांनी अशाच जुन्या सायकलीला ड्रम ब्रेक आणि गिअर जोडले. आता डोंगर उतरण्याइतकाच चढणेही शक्य झाले. पण जुन्या चौकटी हा मार सोसेनात. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी डोंगरासाठीच नवी चौकट घडवली. ती सायकल आज स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे.

(५) १९७९ मध्ये टॉम रिची यांच्या चौकटींवर बांधलेल्या सायकली फिशर आणि चार्ली केली ‘माउंटनबाइक्स’ या नावाने विकू लागले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ आली आणि कारखान्यात तयार झालेली माउंटन बाइक दुकानांत पोहोचली. दशकाच्या अखेरीस रॉकशॉक्सने दबणारा चिमटा आणला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

(६) आता आपल्या सायकलीकडे पाहा. पूर्ण साहित्यासह स्वार बसल्यावर चिमटा एकूण दाबाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा खाली जावा. तो तेवढा दबलेला असला, तरच खड्डा आल्यावर चाक खाली उतरून जमीन धरून ठेवते. हवा थोडी कमी असेल, तर टायर दगडाच्या आकाराशी जुळवून घेतो आणि पकड वाढते. फारच कमी केली, तर रिम दगडावर आपटते. चढावर सीट उंच हवी, म्हणजे पायाला पूर्ण जोर मिळतो. उतारावर ती खाली हवी, म्हणजे स्वाराला अंग मागे व खाली नेता येते.

(७) दुकानदाराने सांगितलेला आकडा ही केवळ सुरुवात असते, कारण त्याला तुमचे वजनही ठाऊक नसते आणि तुमची वाटही. म्हणून एकच छोटा उतार निवडा. एका वेळी एकच गोष्ट बदला, पुन्हा उतरा आणि फरक वहीत टिपून ठेवा. मरीनच्या त्या तरुणांकडेही तयार माहितीपुस्तिका नव्हती. त्यांची सायकल अशाच फेऱ्यांमधून घडत गेली.